हललेला कान

१

मला एक सांगा, भरवसा कोणावर ठेवावा? आपल्या डोळ्यांवर, की जिला खोटं बोलून काही मिळवायचं नाही अशा एखाद्या वस्तूवर? लगेच बोलू नका. जाम गावच्या भैय्याजींना हे कोणी विचारलं असतं, तर ते चहाचा कप पुढे सरकवत म्हणाले असते, "डोळ्यावर, अजून काय? दुकानदाराचा डोळा गेला तर राह्यलं काय त्याच्याजवळ?" पण ते अठ्ठ्याहत्तर सालच्या दसऱ्याआधी. त्यानंतर ते या प्रश्नाला उत्तर देत नसत. समोरच्याला चहा मात्र पाजत.

जामच्या चौफुलीवर त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. शिक्षण चौथी. इंग्रजी अक्षरं बियाण्यांच्या पाकिटांवरून शिकलेले. मूठभर कापसाची सरकी हातात घेऊन ती उगवेल की नाही ते सांगत, आणि शंभरात पाच वेळा चुकत. त्या पाच वेळांचे किस्से ते स्वतःच सांगत, म्हणून बाकीच्या पंच्याण्णवांवर लोक विश्वास ठेवत.

दरवर्षी गिऱ्हाइकाला कॅलेंडर द्यायची रीत होती. एकदा ते एका शेतकऱ्याकडे जेवायला गेले. भिंतीवर पाच दुकानांची पाच कॅलेंडरं, आणि पाचांवर तीच कमळातली लक्ष्मी. भैय्याजींनी विचारलं, "यातलं माह्यं कोणतं?"

"ते काय, लक्ष्मीचं," घरधनी म्हणाला.

परत येताना भैय्याजींनी ठरवलं, पुढच्या सालच्या कॅलेंडरावर आपल्या रानातली जनावरं छापायची. चितळ, रानडुक्कर, रोही म्हणजे नीलगाय. ज्यानं पीक खाल्लं त्याचं तोंड शेतकरी वर्षभर विसरणार नाही, आणि त्याच्याखाली नाव आपलं.

नागपूरच्या छापखानेवाल्यानं सांगितलं, लहान कॅमेऱ्याचा फोटो एवढा मोठा केला की फुटतो. केस न् केस दिसायचा असेल तर मोठ्या काचेवर काढून आणा. मोठ्या काचेचा कॅमेरा उरला होता तो हिंगणघाटच्या फोटोवाल्या रूपरावांकडे.

२

रूपरावांचा कॅमेरा म्हणजे सागवानी पेटी. पितळी कड्या, मधे कातड्याचा भाता, मागे दुधी काच, खाली तिपाई. काळ्या कापडात डोकं घातलं की दुधी काचेवर सगळं जग उलटं दिसायचं, झाडं वरून खाली लोंबायची. मग दुधी काच काढून फोटोची काच बसवायची, भिंगावरची टोपी काढायची, सेकंद मोजायचे, टोपी लावायची. काचांचा साठा जुना, त्यामुळे मंद. सावलीत चार सेकंद लागत. चार सेकंद समोरच्यानं हलायचं नाही.

न हलणारी गिऱ्हाइकं रूपरावांना तीस वर्षं मिळत आली होती. त्या काळी हयातीत कोण फोटो काढी? घरात कोणी गेलं की मग आठवण व्हायची. रूपराव सायकलला पेटी बांधून जात, गेलेल्या माणसाला खुर्चीत बसवून पाठीला उशी लावत, आणि घरी आल्यावर काचेवर बारीक पेन्सिलीनं डोळे उघडत. फोटो पाहून लोक म्हणत, आता बोलतील. एका मालगुजार जमीनदाराचा फेटा ऐन फोटोच्या वेळी घसरला, तर त्याचा मुलगा चिडून बापालाच म्हणाला, "बाबूजी, जरा नीट बसा ना." हा किस्सा रूपराव नेहमी सांगत आणि स्वतः हसत नसत.

भैय्याजींच्या घरीही ते एकदा आले होते. तीन वर्षांपूर्वी, वैशाखात. भैय्याजींची बायको मनकर्णाबाई चार दिवसांच्या तापात गेली. वय चौतीस. सकाळी डॉक्टरांनी नाडी पाहून मान हलवली, भैय्याजींनी आपल्या तळहातानं तिचे डोळे मिटले, दुपारी रूपरावांनी फोटो काढला, आणि तीन वाजता भैय्याजींनी अग्नी दिला. ऊन फार होतं. केळझरहून तिचा भाऊ लक्ष्मणराव पोचला तेव्हा राख झाली होती.

"घाई केली, भाऊजी," एवढंच तो म्हणाला. तीन वर्षांत पुन्हा म्हणाला नाही. पण दर भेटीत भैय्याजींना ते ऐकू येत असे.

३

पहिले तीन रविवार केळझरच्या टेकडीमागच्या तळ्यावर गेले. लक्ष्मणरावचं शेत तिथं जवळ. झुडपाआड पेटी मांडायची आणि बसायचं. जनावरं येत, पाणी पीत, पण चार सेकंद कोण थांबतं? काचेवर झाडाचं पान न् पान यायचं, आणि खाली चितळाच्या जागी धूर.

"भाऊजी," लक्ष्मणराव म्हणाला, "हे कॅलेंडर चुलीचं काढून राह्यले का तुमी?"

चौथ्या आठवड्यात सकाळी दुकान उघडता उघडता कौशल्याबाई आली. चौफुलीवर तिचं चहाचं दुकान. ट्रकवाल्यांची खबर सगळ्यांच्या आधी तिला.

"भैय्याजी, तुमचं गिऱ्हाईक आलं. रोडाच्या कडेले झोपून हाये. घाई करा, नाईतर कुत्रे फोटो काढतीन त्याचा."

ट्रकची धडक बसलेलं चितळ होतं. नर. मान मोडलेली, अंगावर ओरखडा नाही. भैय्याजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि सरकी पारखावी तसं पारखलं. मग हिंगणघाटला निरोप धाडला.

मेलेल्याला कसं बसवायचं हे रूपरावांना शिकवावं लागलं नाही. रस्त्यालगतच्या तुरीत त्यांनी चितळ उभं केलं. पोटाखाली दोन बांबू, हनुवटीखाली बेचकं, सगळं तुरीच्या झाडांनी झाकलेलं. डोळे अर्धे मिटलेले होते, ते नंतर पेन्सिलीनं उघडता येणार होते. टोपी निघाली. एक, दोन, तीन, चार. टोपी लागली. वनखात्याची माणसं यायच्या आत चितळ पुन्हा रस्त्याच्या कडेला होतं.

"रानात तीन रविवार बसलो," भैय्याजी म्हणाले, "अन् काम झालं रोडावर."

४

काच वाळल्यावर रूपरावांच्या मागच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात त्यांनी ती पाहिली. छापखानेवाल्याचं म्हणणं खरं होतं. पाठीवरचा ठिपका न् ठिपका, तुरीच्या पानावरची लव, खालच्या दगडावर चाललेला मुंगळासुद्धा. त्यानं पाय उचलला होता तेवढा पुसट.

आणि डावा कान.

डाव्या कानाच्या जागी पंखा उघडावा तसा धूसर पट्टा होता. माशी बसली की जनावर कान झटकतं, तसा.

"वारं असन," भैय्याजी म्हणाले.

रूपरावांनी बोट काचेजवळ नेलं. कानाला लागून तुरीचं एक पान होतं, कागदासारखं पातळ. ते हललं नव्हतं.

"मग माशी बसली असन."

माशी बसल्यानं जिवंत कान हलतो. हे दोघांनाही माहीत होतं. दोघांनी चहा घेतला. भैय्याजींना भीती वाटली नाही. पाकिटातून भलतंच बी निघाल्यावर वाटतं तेवढंच वाटलं, की कुठंतरी अदलाबदल झाली आहे.

मग रूपरावांनी पेन्सिलीला टोक केलं, काच तिरक्या चौकटीत ठेवली आणि कामाला लागले. आधी कानाची कड. मग आतली लव. मग धूसर पट्टा मागच्या झाडात मिसळून टाकला. पाच मिनिटांत कान स्थिर झाला.

भैय्याजी हाताकडे पाहत होते. माणूस एखादं काम पहिल्यांदा करतो आहे की शंभराव्यांदा, हे दुकानदाराला हातावरून कळतं. नवा माणूस थांबतो, पाहतो, पुन्हा करतो. रूपराव एकदाही थांबले नव्हते.

"रूपरावजी, हे काम तुमी आधी केलेलं हाये."

पेन्सिल थांबली.

"जनावराचा तर हा तुमचा पहिलाच फोटो," भैय्याजी म्हणाले.

"हलते कधी कधी," रूपराव काचेकडे पाहतच म्हणाले.

"कोण?"

"बसवलेले."

५

किती जण, ते त्यांनी मोजलं नव्हतं. दहातून एक, कधी वीसातून एक. बोट, पापणी, ओठांचा कोपरा. एका म्हातारीचं डोकं पूर्ण वळलं होतं. समोर असताना काही दिसत नसे. खोलीत नातेवाईक उभे असत, रूपराव स्वतः भिंगाशेजारी उभे असत, कोणाच्या काही नजरेत येत नसे. काच धुतली की दिसायचं. तोवर तिकडे सगळं आटोपलेलं असायचं.

"मग सांगितलं काऊन नाई कोणाले?"

"काय सांगू जी? तुमच्या बापाले जाळलं तेव्हा तो हालून राह्यला होता म्हणून? लोकाईनं फोटो मांगतला होता. फोटो देल्ला."

भैय्याजींनी रिकामा कप बाजूला ठेवला.

"माह्या घरचा?"

"आठवत नाई," रूपराव म्हणाले. "तीन वर्सं झाले."

जामला परतताना भैय्याजींनी हिशोबी डोकं लावलं. समजा मेलेलं सगळंच थोडंफार हलतं आणि आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही. मग हललं तर हललं. मनकर्णा गेलेली होती, डॉक्टर बरोबर होते, आपण काही वाईट केलं नाही. पण समजा हलतं ते फक्त ज्यात अजून काही बाकी आहे तेच. चितळ पडून दोन-तीन तासच झाले होते. मनकर्णा जाऊन पाच तास.

दोनपैकी एक खरं होतं. कोणतं, ते तपासता येण्यासारखं होतं. सरकीबद्दल शंका आली तर माणूस दहा दाणे ओल्या फडक्यात घालून बघतो.

त्यांना पूर्ण मेलेलं जनावर हवं होतं. ज्याच्याबद्दल कोणालाच शंका राहणार नाही असं.

६

ते केळझरला मिळालं. लक्ष्मणरावच्या बांधावर रोही मरून पडला होता, मोठा काळा नर. आदल्या दिवशी पहाटेपासून तिथंच होता. पोट फुगून ताठ झालेलं, एक डोळा कावळ्यांनी नेलेला. वास वीस पावलांवरून.

"याचा फोटो?" लक्ष्मणरावनं नाकाला उपरणं लावलं. "भाऊजी, असं कॅलेंडर भिंतीवर लावलं तर माणूस पेरणीच सोडून देईन."

"लक्ष्मणराव, तुमी फक्त पाहा. पापणी पाडू नका. हललं तर सांगा."

"काय हलन बापा? मेलं ना ते."

तरी तो उभा राहिला, रोह्यापासून चार हातांवर. रोह्याचे पाय दोरांनी खुंट्यांना बांधले होते, मान बेचक्यात, नाक समोर. भैय्याजी कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला. सकाळचे आठ वाजले होते. वारा अजिबात नव्हता. रूपरावांनी पाठोपाठ दोन काचा घेतल्या.

भैय्याजींनी आठही सेकंद डोळे उघडे ठेवले. पाणी आलं तरी मिटले नाहीत. रोह्याच्या नाकावर माशा चालत होत्या. दुसरं काही हललं नाही. लक्ष्मणरावलाही काही दिसलं नाही. शेवटी भैय्याजींनी स्वतः जवळ जाऊन पाहिलं. मान बेचक्यातच होती, लाकडासारखी ताठ. ती त्यांनीच उचलून काढली.

दुपारी काचा धुतल्या. पहिल्या काचेवर मानेपर्यंत सगळं स्पष्ट होतं. मानेच्या वर दोन डोकी होती. एक बेचक्यात, ठळक. दुसरं फिकट, बाजूला कललेलं.

दुसऱ्या काचेवर डोकं एकच होतं. बेचकं रिकामं दिसत होतं, त्याची साल सुद्धा दिसत होती. डोकं त्याच्या शेजारी, आपल्या आधारानं वर धरलेलं. ते कॅमेऱ्याकडे पाहत नव्हतं. उरलेला एक डोळा कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला लागला होता.

रूपरावांनी काच उजेडातून काढून घेतली. "हिले पेन्सिल नाई लागत," ते म्हणाले. "ही फोडून टाकतो."

भैय्याजींना वाटलं होतं, आता आपल्याला कापरं भरेल. भरलं नाही. उलट छातीवरचं वजन थोडं सरकलं. सव्वा दिवसाचा कुजलेला रोही हलतो, म्हणजे हलण्याचा आणि जिवंत असण्याचा संबंध नाही. मनकर्णा गेलेली होती. हे लक्ष्मणरावला सांगता येईल, असंही त्यांना वाटलं.

तिथं थांबायला हवं होतं. पण एकदा तोललेला माल पुन्हा तोलून बघायची त्यांची सवय.

७

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हिंगणघाटला गेले. रूपराव ओट्यावर बसले होते. त्यांना पाहून उठले आणि काही न विचारता आत गेले, जसं काही त्यांचीच वाट पाहत होते.

फळीवर लाकडी खोकी होती. त्यातून त्यांनी एक पाकीट काढलं. वर नंबर, खाली 'मनकर्णाबाई, जाम', खाली 'चार सेकंद'.

"आठवत नव्हतं ना तुमाले?" भैय्याजी म्हणाले.

"आठवते सगळेच."

"आता मले भीती नाई रूपरावजी. रोही पाह्यला ना आपण. मेलेलं हलते. तुमी फक्त सांगा, हिच्या काचेवर पेन्सिल कुठं लावली?"

"हाताले. उजव्या."

"काय झालं होतं?"

"मांडीवरून उचलला होता. थोडासाच."

भैय्याजींनी मान डोलावली. हात. ठीक आहे. रोह्याची मान, चितळाचा कान, मनकर्णाचा हात. हिशोब जुळत होता.

"अन् डोळे तर तुमी सगळ्याईचेच काढता," ते म्हणाले. ते विचारायचं म्हणून नव्हतं. पाकीट परत द्यायच्या आधी काहीतरी बोलायचं म्हणून होतं.

रूपरावांनी खिडकीचं दार थोडं लोटलं. पुन्हा उघडलं.

"तुमच्या घरच्या डोळ्याले मी पेन्सिल नाई लावली."

काच तिरकी धरली की पेन्सिलीचं काम ओळखू येतं. तेवढी जागा शिशासारखी मळकट चमकते. भैय्याजींनी काच तिरकी धरली. उजव्या हाताच्या जागी ती चमक होती, बोटाबोटावरून फिरलेली. मग त्यांनी काच थोडी वर केली. तोंडावर कुठंच चमक नव्हती. काच स्वच्छ होती. डोळे उघडे होते.

पुसट नव्हते. हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. हललेली वस्तू पुसट येते. पापण्यांचा केस न् केस मोजता येत होता. म्हणजे टोपी निघाली तेव्हापासून टोपी लागेपर्यंत, चारही सेकंद, ते उघडे होते आणि कुठंतरी स्थिर लागलेले होते. आणि भैय्याजी त्या खोलीत उभे राहून तिच्याकडेच पाहत होते. त्यांना मिटलेले दिसत होते. आपल्याच तळहातानं मिटलेले.

त्या दुपारी आपण कॅमेऱ्याच्या कोणत्या अंगाला उभे होतो, हे ते आठवू लागले. आठवलं. डोळे त्याच अंगाला लागलेले होते. त्यांनी काच पाकिटात घातली.

"चार सेकंद," ते म्हणाले. "मग त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर मी टोपी लावली ना जी," रूपराव म्हणाले.

८

कॅलेंडर निघालं. लक्ष्मीचंच. गिऱ्हाइकांनी नेलं आणि भिंतीवर लावलं. भैय्याजी दुकानात बसत, बी तोलून देत, कोणी विनोद केला तर हसत. हसू वेळेवर येई. हात धुताना कधी कधी तळहाताकडे पाहत राहत, कौशल्याबाई हाक मारेपर्यंत.

रूपरावांची एक वही होती. नंबर, नाव, गाव, सेकंद. भैय्याजींनी त्यांना बसवून पाचवा रकाना आखायला लावला, 'काय हललं'. रूपरावांनी तीन दिवस बसून आठवेल तसं भरलं. बोट. पापणी. ओठ. पुन्हा बोट. मनकर्णाबाईच्या ओळीवर आले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवला आणि वही भैय्याजींच्या बाजूला फिरवली.

त्याच आठवड्यात लक्ष्मणराव केळझरहून आला होता. दुकानात बसून त्यानं आधी पावसाचं विचारलं, मग कापसाच्या भावाचं, मग रोह्याचं. बांधावर आपल्याला काय पाहायला उभं केलं होतं, हे त्यानं मनात जुळवलं होतं. तो काही दुधखुळा नव्हता.

"भाऊजी," तो म्हणाला, "मनकर्णाबाईच्या फोटोत काही निघालं का?"

"नाई. काही नाई."

"खरं सांगा. मी आता बोलणार नाई काही. मले फक्त माहीत असू द्या."

"सांगितलं ना. काही नाई."

लक्ष्मणरावनं उपरणं खांद्यावर नीट केलं. मग उठला. जाताना म्हणाला, "बरं झालं. मले उगीच वाटत होतं, घाई झाली." आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं वाकून भैय्याजींच्या पायांना हात लावला.

वहीत त्या ओळीपुढे भैय्याजींच्या अक्षरात तेच लिहिलेलं आहे: 'काही नाही'. दुकानाच्या पावत्यांवर असतं तसंच वळणदार, एका दमात लिहिलेलं. पण त्या दिवसापासून, लोक सांगतात, भैय्याजी झोपताना डोळ्यांवर ओला टॉवेल घट्ट बांधून घेत. का, ते विचारलं की म्हणत, उजेड येतो.

तुमच्या घरीही केव्हातरी कोणी जाईल. कोणीतरी म्हणेल, एक फोटो काढून ठेवा. काढा, मी नको म्हणत नाही. पण फोटो धुऊन आला की एकट्यानं नीट पाहा, आणि जे हललं असेल ते हललं म्हणून लिहून ठेवा. जे उघडं असेल ते उघडं म्हणून. आपल्याला सोसवतं का, समोरच्याला सोसवेल का, ते नंतर. तेवढा एक हिशोब खरा ठेवा.